स्वेटर आधी की पळापळ आधी?

बालमित्रांनो, काय म्हणतेय थंडी?

आमच्या पंचवटीत हिवाळ्यात सकाळ जरा उशिराच उजाडते. म्हणजे सूर्य बिचारा आपल्या वेळेवर येतो, पण गोधडी सोडायला आपण तयार नसतो! गोदाकाठी जावं तर पाण्यावरून वाफा निघताना दिसतात. रामकुंडावर पहाटे स्नान करणारी मंडळी बुडी मारतात आणि काठावर उभं राहून बघणाऱ्यालाच हुडहुडी भरते. चहाच्या टपरीभोवती माणसं हात चोळत उभी असतात. आणि शाळेच्या रस्त्यानं कपड्यांची छोटी छोटी गाठोडी चालत येत असतात. गाठोडी कसली? अहो, ती आमची पहिलीची मुलं! अंगात दोन-दोन स्वेटर, वर कानटोपी, त्यावर मफलर. दिसतात ते फक्त दोन डोळे. हजेरी घेताना मला डोळ्यांवरून ओळखावं लागतं, हा कोण आणि ती कोण!

आपल्या ‘मधली सुट्टी’ या सदराला या वेळी बरीच पत्रं आली. त्यातलं एक सिन्नरहून आलंय, सातवीतल्या एका ताईचं. ती लिहिते, “बाई, माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा आहे. थंडी सुरू झाल्यापासून आई त्याला अंगणात पाऊल टाकू देत नाही. सर्दी होईल म्हणते. तो दिवसभर मोबाइल बघतो, नाहीतर रडतो. मी त्याला खेळायला नेलं आणि तो आजारी पडला, तर बोलणी मलाच बसणार. मी काय करू?”

पत्र वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. कारण हा प्रश्न काही एकट्या ताईचा नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी असा एखादा ‘कोंडलेला’ छोटू असेल. आणि आईचंही चूक नाही बरं का! लेकरू रात्री खोकायला लागलं की जागते कोण? आईच ना! तेव्हा ताईला नुसतं “जा, ने त्याला खेळायला” असं सांगून भागणार नाही. थंडीत छोट्यांना कसं न्यायचं, कधी न्यायचं आणि काय खेळवायचं, हे नीट समजून घ्यायला हवं. ते मला तरी कुठे पहिल्यापासून येत होतं? माझ्याही दोन चुका झाल्या. आज त्या तुमच्यापुढे कबूल करते. बाईंनी चूक कबूल केली की मुलांना फार आनंद होतो, हे मला ठाऊक आहे!

पहिली चूक : खिडक्या बंद!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना होता. आमचा नाशिक जिल्हा थंडीसाठी प्रसिद्ध आहेच. समुद्रापासून दूर, उंचावर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर आकाशाकडे सोडून देते. वर ढगांचं पांघरूण नसतं. त्यात उत्तरेकडून गार वारे यायला लागले की झालंच! आमच्या जवळचं निफाड तर हिवाळ्यात रोज बातम्यांत असतं. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तिथला पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता.

गंमत म्हणजे याच निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यात हजारो पक्षी येतात. चक्रवाक येतात, थापट्या बदकं येतात. कुठून? हिमालयाच्या पलीकडून, जिथे तळी गोठून जातात तिथून. म्हणजे आपण ज्या गारठ्यानं कुडकुडतो, तो गारठा त्यांच्या दृष्टीनं छान ऊबदार! थंडी कुणाला किती, हे असं ज्याच्या त्याच्या तयारीवर असतं.

तर त्या डिसेंबरात मी काय केलं? मुलं गारठतील म्हणून वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या, दार लोटून घेतलं, मधल्या सुट्टीतलं मैदानावरचं खेळणंही बंद केलं. “वर्गातच बसा, गाणी म्हणू या!” म्हटलं. मला वाटलं, किती काळजी घेते मी मुलांची! सोमवारी एक मुलगी शिंकत होती. बुधवारी तिच्या बाकावरच्या तिघी शिंकू लागल्या. शुक्रवारी अर्धा वर्ग गैरहजर, आणि शनिवारी बाईसुद्धा घरी. नाक लाल!

असं का झालं? कारण सर्दी ही नुसत्या थंडीनं होत नाही. ती होते विषाणूंमुळे. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म रोगकारक. एकजण शिंकला, खोकला की ते तुषारांबरोबर हवेत येतात, हातांना, बाकांना चिकटतात आणि तिथून दुसऱ्याच्या नाकातोंडात जातात. थंड, कोरडी हवा त्यांना थोडी मदत करते हे खरं. नाक आतून कोरडं पडतं आणि त्याची राखणदारी जरा ढिली पडते. पण विषाणूच नसतील तर नुसता गारठा सर्दी देऊ शकत नाही. आणि विषाणूंना सर्वांत आवडणारी जागा कोणती? बंद खिडक्यांची खोली, जिथे पंचवीस-तीस जण एकमेकांचीच हवा आत घेत बसले आहेत! मैदानावर वारा असतो, तुषार विरून जातात, मुलं दूर दूर धावत असतात. म्हणजे मी ज्या मैदानाला घाबरले, ते बरं होतं. आणि ज्या वर्गाला सुरक्षित समजले, त्यानंच घोटाळा केला.

त्या आठवड्यानंतर मी खिडक्या उघडल्या. थोड्या तरी उघड्या ठेवायच्याच, असा नियम केला.

करून पाहा : बर्फाला स्वेटर

आता एक मजेदार प्रयोग सांगते. आमच्या वर्गात केलेला आहे, तुम्हीही घरी करा.

सारख्या आकाराचे दोन बर्फाचे खडे घ्या. दोन्ही दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून तोंड घट्ट बांधा. एक खडा वाटीत उघडा ठेवा. दुसरा लोकरीच्या स्वेटरमध्ये किंवा शालीत चांगला गुंडाळून दुसऱ्या वाटीत ठेवा. आता सांगा बरं, आधी कोणता वितळेल?

मी वर्गात विचारलं तेव्हा जवळजवळ सगळे हात एकाच बाजूनं वर झाले. “स्वेटरमधला!” का रे? “बाई, स्वेटर गरम असतो ना!”

अर्ध्या तासानं आम्ही स्वेटर उघडला. उघड्या वाटीतला खडा पार बारीक झालेला, आणि स्वेटरमधले राजेश्री मात्र अजून ऐटीत बसलेले! वर्गात एकदम शांतता. मग मागून एक आवाज आला, “बाई, स्वेटर फसवा आहे!”

स्वेटर फसवा नाही हो, आपणच त्याला ओळखण्यात चुकलो. स्वेटर गरम नसतोच. तो उष्णता तयार करत नाही. लोकरीच्या धाग्यांमध्ये हवा अडकून बसलेली असते आणि अशी अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. आतली उष्णता आत, बाहेरची बाहेर. बर्फाला स्वेटर घातला तर बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोचत नाही, म्हणून तो उशिरा वितळतो. आपण स्वेटर घातला तर आपली उष्णता बाहेर जात नाही, म्हणून आपल्याला ऊब वाटते. म्हणजे स्वेटर आहे नुसता राखणदार. वाड्यात धनच नसेल तर राखणदार काय राखणार?

मग हे ऊबेचं धन येतं कुठून? आपल्याच अंगातून! आपण भाकरी खातो, गूळ खातो, शेंगदाणे खातो. त्यातून शरीराला ऊर्जा मिळते. स्नायू काम करू लागले की त्या ऊर्जेचा बराचसा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून तर धावल्यावर कानशिलं तापतात. बाहेर काहीही असो, शरीराला आपला आतला पारा ३७ अंशांच्या आसपास ठेवायचा असतो. आपण थंडीत गप्प बसून राहिलो की शरीर म्हणतं, “तू हलत नाहीस? मग मीच हलवतो!” आणि अंग कुडकुडायला लागतं. कुडकुडणं म्हणजे दुसरं काय? स्नायूंनी आपल्याला न विचारता केलेली पळापळच की!

म्हणूनच म्हणते, ऊब तयार करतो खेळ, आणि ती राखतो स्वेटर. दोघांचं काम वेगळं, दोघांची वेळही वेगळी. हे कळलं तर आजचा निम्मा लेख कळला.

दुसरी चूक : घामेजलेला सदरा

आता ती दुसरी चूक. ही सांगताना मात्र मला हसू येत नाही.

खिडक्या उघडल्या, मैदान पुन्हा सुरू झालं. मुलं खेळू लागली. एक मुलगा मात्र रोज भिंतीच्या कडेला, जिथे उन्हाचा पट्टा पडतो, तिथे हाताची घडी घालून उभा राहायचा. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला टिल्लू म्हणू. टिल्लूच्या अंगात पातळ सदरा आणि हाफ पँट. “का रे, खेळत का नाहीस?” विचारलं की म्हणायचा, “मला नाही आवडत.” मला वाटलं, लाजरा आहे. एक दिवस मी त्याचा हात धरून त्याला शिवाशिवीत ओढलं. आणि काय सांगू! हरणासारखा पळाला. सगळ्यांत पुढे. गाल लाल, केस ओले, तोंडभर हसू. मीही खूश. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

घंटा झाली. सगळे वर्गात आले. बाकीच्यांनी खेळताना काढून ठेवलेले स्वेटर पुन्हा अंगात घातले. पाच-दहा मिनिटांनी फळ्यावर लिहिता लिहिता मी वळून पाहिलं, तर टिल्लू बाकावर अंग आकसून बसला होता. दातावर दात वाजत होते. पाटीवरची पेन्सिल धरवत नव्हती. सदरा पाठीला चिकटलेला, घामानं ओला.

तुम्ही माठ पाहिलाय ना? उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं? माठाला बाहेरून पाझर सुटतो, तो पाझर वाळताना उष्णता घेऊन जातो. टिल्लूचा तसाच माठ झाला होता! खेळानं त्याला भरपूर ऊब दिली. पण घाम वाळताना ती घेऊन जायला लागला, आणि ती राखायला राखणदार नव्हता. “मला खेळायला आवडत नाही,” असं तो म्हणायचा ते खरं नव्हतंच. खेळल्यानंतरची थंडी त्याला माहीत होती. मला माहीत नव्हती.

त्या दिवशी मी माझी शाल त्याला गुंडाळली. पण सगळी मुलं बघत होती आणि त्याला ते आवडलं नाही. तो शाल सारखी खाली सारत होता. घरी गेल्यावर मला एकच वाटत राहिलं. उद्या हा पुन्हा भिंतीपाशीच उभा राहणार.

मग आम्ही वर्गात एक जुना पत्र्याचा डबा आणला. त्याला नाव दिलं ‘ऊबपेटी’. ज्यांना लहान झालेले स्वेटर, सदरे, कानटोप्या, पायमोजे असतील त्यांनी धुऊन त्यात टाकायचे. आणि नियम असा, की खेळून आल्यावर प्रत्येकानं पेटीतून काहीतरी काढून घालायचंच. ज्याच्याकडे तीन स्वेटर आहेत त्यानंही! बाईंनीसुद्धा! मी लाल-पिवळी कानटोपी घालून गणित शिकवायचे, तेव्हा वर्ग हसून हसून बेजार व्हायचा. पण त्या गोंधळात कोण गरजेपोटी घेतोय आणि कोण गमतीनं, हे कुणालाच कळत नसे. टिल्लूनं एक निळा सदरा निवडला. त्यानंतर तो भिंतीपाशी उभा राहिलेला मी पाहिला नाही.

दोस्तांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत असा एखादा टिल्लू असतो. “मला नाही आवडत” असं कुणी म्हणालं की जरा त्याच्या कपड्यांकडे, पायांकडे बघा. पण बघितलंत हे त्याला कळू देऊ नका.

छोट्यांचं शरीर वेगळं

तुम्ही म्हणाल, आम्हाला तर एवढी थंडी वाजत नाही, मग छोट्यांचेच लाड कशाला? सांगते. गरम वरण एका वाटीत घ्या आणि तेच वरण पातेल्यात राहू द्या. आधी गार कोणतं होतं? वाटीतलं. छोट्या भांड्यात वरण थोडं, पण त्या मानानं त्याला बाहेरची हवा जास्त लागते. छोट्या मुलाचं अंगही असंच वाटीसारखं. ऊब पटकन जाते. शिवाय खेळात रंगलं की त्याला स्वतःला कळत नाही आणि कळलं तरी सांगता येत नाही. म्हणून मोठ्या ताई-दादांनी त्याचा थर्मामीटर व्हायचं!

वेळ : सकाळी अगदी लवकर नको. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते. तिच्यात शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूरही अडकून राहतो. ऊन वर आलं, जमीन तापली की ही हवा हलते. आमच्याकडे नऊ-साडेनऊनंतर छान कोवळं ऊन असतं. महाराष्ट्र शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. पण थंडीत त्याचा हाही फायदा झाला!

कपडे : एक जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. मधे मधे हवा अडकते, आणि गरम व्हायला लागलं की एकेक काढता येतो. छोटूला आधी पाच मिनिटं स्वेटर घालूनच हलकं हलकं पळू द्या. अंग तापलं, घाम येणार असं वाटलं की वरचा कपडा काढून ठेवा. खेळ थांबला रे थांबला की लगेच पुन्हा घाला. आतला सदरा ओला असेल तर तो आधी बदला. लांब मफलर मात्र खेळताना नकोच. तो कशात तरी अडकून गळ्याला फास बसू शकतो. त्यापेक्षा कानटोपी बरी.

तपासणी : छोटूचे हात गार लागले म्हणून घाबरू नका. त्याच्या मानेमागे, कॉलरच्या आत हात लावून पाहा. ऊबदार आणि कोरडी असेल तर उत्तम. घामेजली असेल तर एक कपडा कमी करा. गार असेल तर एक वाढवा. आणि दंगा करणारा छोटू एकाएकी गप्प झाला, कुडकुडणं थांबेना, ओठ निळसर दिसू लागले, तर खेळ बंद. थेट घरात, कोरडे कपडे, काहीतरी गरम प्यायला, आणि मोठ्या माणसांना हाक.

ताप असेल, धाप लागत असेल, तर त्या दिवशी सुट्टी. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना डॉक्टरांनी सांगितलं असेल तसंच न्यायचं.

शेकोटी : शेकोटी सर्वांना आवडते, मलाही. पण मोठी माणसं असल्याशिवाय पेटवायची नाही. प्लॅस्टिक आणि टायर तर कधीच टाकायचे नाहीत, त्यांचा धूर विषारी असतो. नायलॉनचे कपडे आणि लोंबती ओढणी विस्तवापासून लांब ठेवा. छोट्यांना शेकोटीभोवती शिवाशिवी खेळू देऊ नका.

आता खेळ!

थंडीच्या खेळाला माझी एकच अट आहे. कुणी उभं राहता कामा नये, आणि बाद होऊन बसता तर मुळीच कामा नये. विचार करा, लंगडीत जो छोटू पहिल्यांदा बाद होतो, तो घाम आलेला असताना बाजूला बसून राहतो. आणि पहिल्यांदा बाद होतो कोण? सगळ्यांत लहान! म्हणजे ज्याला ऊबेची गरज जास्त, तोच गारठत बसतो. म्हणून आमच्याकडे हिवाळ्यापुरता नियम बदलला. बाद झालेल्यानं समोरच्या झाडाला शिवून यायचं आणि पुन्हा खेळात शिरायचं. हरणं-जिंकणं पुसट होतं, पण छोट्यांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना पळायला मिळाल्याशी कारण!

सावलीपकड : ही शिवाशिवीच, पण माणसाला शिवायचं नाही. त्याच्या सावलीवर पाय ठेवायचा. ढकलाढकली नाही, पाडापाडी नाही, म्हणून छोट्यांना छान. आणि हा खेळ हिवाळ्यातच खरा रंगतो. का ठाऊक आहे? या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावल्या लांब पडतात. नाशिकला २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी साडेबाराला उन्हात उभे राहिलात, तरी तुमची सावली जवळजवळ तुमच्याच उंचीएवढी असते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच वेळी पाहा, सावली पायाखाली लपलेली असेल!

पंचवटी : खांबखांबोळी तुम्ही खेळला असालच. त्याचीच ही आमची आवृत्ती. पंचवटी म्हणजे पाच वडांची जागा. म्हणून मैदानावर खडूनं पाच मोठी वर्तुळं काढायची, ते पाच वड. पाच जण पाच वडांखाली, सहावा मधे. सहाव्यानं “वड बदला!” असं ओरडलं की सगळ्यांनी आपापला वड सोडून दुसरा पकडायचा. उरेल त्यानं मधे यायचं. मुलं जास्त असतील तर एका वडाखाली दोघं. छोट्याचा हात मोठ्यानं धरायचा.

डोंगर का पाणी : ओटा, पायरी, दगड म्हणजे डोंगर. खालची जमीन म्हणजे पाणी. नियम प्रत्येक गल्लीत वेगळे असतात, तुमच्याकडचे असतील तेच खरे. चढउतार भरपूर होते आणि पाय छान तापतात. फक्त डोंगर गुडघ्याएवढाच उंच हवा.

भिरभिरं : चौकोनी कागदाला चारी कोपऱ्यांतून मध्याच्या दिशेनं, पण मध्यापर्यंत न पोचता, कापायचं. एक सोडून एक टोक मध्यावर आणून टाचणीनं काडीला लावायचं. टाचणीचं काम मोठ्यांनी करायचं आणि तिचं टोक वाकवून टाकायचं. वारा नसला तर भिरभिरं फिरवायचं कसं? पळून! छोटू जितका पळेल तितकं ते फिरेल. संक्रांतीला आमच्या जिल्ह्यातल्या येवल्यात आकाश पतंगांनी भरून जातं. त्या गर्दीत पाच वर्षांच्या मुलाच्या हातात मांजापेक्षा भिरभिरंच शोभतं. आणि नायलॉन मांजा तर कुणीच वापरायचा नाही. २०१७ पासून त्यावर बंदी आहे. पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापतो तो.

अंगणातली शाळा

शेवटी एक मोठी गोष्ट थोडक्यात. डी.एड.ला असताना मी ताराबाई मोडकांबद्दल पहिल्यांदा नीट वाचलं. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी इथे लहान मुलांसाठी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्या सोबतीला होत्या अनुताई वाघ. पुढे १९५७ मध्ये हे काम आताच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गेलं. गरीब वस्तीतली मुलं शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर ताराबाईंनी काय करावं? शाळाच मुलांच्या अंगणात नेली! तिचं नाव अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत हिवाळाभर बर्फ असतो. तिथे तान्ह्या बाळांना नीट गुंडाळून बाबागाडीत घराबाहेरच्या हवेत झोपवायची पद्धत आहे, आणि बालवाडीतली मुलं बर्फात खेळतात. ते वाचून आपल्याला नवल वाटतं. पण अंगण हीच लहान मुलाची शाळा, हे आपल्याकडेही कुणीतरी केव्हाच सांगून, करून दाखवलं होतं. आपण नाव तेवढं ठेवलं आणि दार लावून घेतलं!

आता सिन्नरच्या ताईसाठी. ताई, आईशी वाद घालू नकोस. आधी तिच्यासमोर बर्फाचा प्रयोग कर. मग म्हण, “आई, फक्त वीस मिनिटं. साडेनऊनंतर, आपल्याच अंगणात, तुझ्या नजरेसमोर. कोरडा सदरा मी आधीच काढून ठेवते.” पहिल्या दिवशी आईलाही बाहेर बोलाव, तिनं उन्हात बसून भाजी निवडली तरी चालेल. वीस मिनिटांनी छोटूला आत आण, सदरा बदल, स्वेटर घाल, हात धुऊन गुळ-शेंगदाणे दे. आठ दिवस असं कर. मधे एखादी सर्दी झालीच तर घाबरू नकोस, लहान मुलांना वर्षात काही वेळा सर्दी होतेच. त्यासाठी सगळा हिवाळा कोंडून ठेवायचं कारण नाही. आईची काळजी आणि तुझं ऐकणं, दोन्ही छोटूला लागणार आहेत.

आणि तुम्ही सगळे! येत्या रविवारी आपल्या घरातल्या, नाहीतर शेजारच्या एखाद्या छोटूला घेऊन सावलीपकड खेळा. बाद झाला की झाडाला शिवून यायचं, हा नियम विसरू नका. कपाटात लहान झालेला स्वेटर असेल तर धुऊन वर्गात न्या आणि तुमच्या बाईंना, सरांना ऊबपेटीची कल्पना सांगा. काय घडलं ते मला पत्रानं नक्की कळवा. तुमच्या गल्लीतल्या ‘डोंगर का पाणी’चे नियमही लिहा. मला आमच्या वर्गात करून पाहायचेत.

चला, घंटा झाली. मधली सुट्टी संपली. स्वेटर घाला बरं!

तुमच्या,
पंचवटीच्या बाई